नळाला आधी हवा येते

कल्पना १ ते ४

"वाचा," प्रफुल्लशेठ म्हणाले.

ते गल्ल्याशी बसून एका पातेल्याच्या बुडाला टिचकी मारत होते. टिचकीच्या आवाजावरून पत्रा किती जाड आहे ते त्यांना कळायचं. माझ्या कल्पनाही ते तशाच ऐकायचे.

मी वही उघडली. "कल्पना एक. स्टीलच्या भांड्यांवरचे डाग घालवण्याचे सात सोपे उपाय."

"आपल्या भांड्यांना डाग पडतात, हे आपणच सांगायचं?"

"कल्पना दोन. तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिण्याचे फायदे."

"मागच्या महिन्यात टाकलं. मेव्हण्याने अंगठा दिला, दुसरं कोणी फिरकलं नाही."

"कल्पना तीन. आजीच्या काळातली भांडी."

"आजी गेली, भांडी मोडीत गेली. पुढे."

"कल्पना चार. तुमच्या घरातलं सर्वांत महत्त्वाचं भांडं कोणतं? प्रतिक्रियेत कळवा."

शेठनी पातेलं खाली ठेवलं. "लोकांना दुसरी कामं नाहीत का?"

"आहेत."

"मग?"

मी वही मिटली. शेठ गालात हसले. "आडनाव दहातोंडे, आणि एका तोंडाला विषय सुचेना. मॅडम, गावात आपल्या पेजची हवा झाली पाहिजे. दिवाळीपर्यंत बघू. हवा झाली तर तुम्हाला कायम करतो. नाही झाली तर हे ऑनलाइनचं बंद."

मी तेव्हा मराठीत एम.ए. होते आणि नवरत्न भांडी भांडाराच्या पेजवर लिहीत होते. पेजला तीनशे बारा माणसं होती. त्यातली चाळीस शेठच्या नात्यातली, दोन माझ्या, आणि एक मी.


कल्पना ५ : शिबिरात मी शिकलेली एकमेव गोष्ट

शेठनी मला जिल्ह्याच्या गावी एका दिवसाच्या शिबिराला पाठवलं. विषय होता, 'लोकांना महत्त्वाचं वाटेल असं काय लिहावं'. शिकवणारा माणूस गोरा, गुळगुळीत, पायात मोजे न घालता बूट घालणारा होता. तो दिवसभर एकच सांगत राहिला. आपल्याला काय सांगायचंय ते विसरा. लोकांचं काय दुखतंय ते शोधा. याला त्याने एक शब्द दिला होता, पेन पॉइंट. तो शब्द आम्ही सगळ्यांनी तीनदा मोठ्याने म्हटला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय शिकवलं?"

"लोकांचा पेन पॉइंट शोधायचा."

"पेन कशाला शोधायचं? तुझ्याकडे तीन आहेत." ती मोरीत कळशी विसळत होती. "बाजूला हो. आज सुटणार म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"कुणास ठाऊक. म्हणतात."


कल्पना ४, पुन्हा

दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून चौथी कल्पना तशीच टाकली. तुमच्या घरातलं सर्वांत महत्त्वाचं भांडं कोणतं. खाली तीन कुकरचे फोटो. आणि मग जे झालं ते इथे उतरवते.

पिंप.

पिंप. दोनशे लिटरचं.

हंडा, कळशी, पिंप, घंगाळ आणि पाहुण्यांनी विसरलेली बाटली.

आज सुटणार का?

पेठेत सुटलं का कुणाला?

आमच्याकडे हवा आली.

हवा आली म्हणजे अर्ध्या तासात येतं.

काल पण हवाच आली होती.

कुकर छान आहेत. (हा मेव्हणा.)

सत्तेचाळीस प्रतिक्रिया आल्या. कुकरवर एक, पाण्यावर सेहेचाळीस. मी दुकानातल्या स्टुलावर बसून त्या दोनदा वाचल्या. शिबिरातला माणूस दिवसभर ज्याच्यासाठी ओरडत होता ते माझ्या घरच्या मोरीत होतं, आणि मी त्याच्या बाजूला सरकून उभी राहिले होते.


कल्पना ६ : ज्या शब्दाशिवाय आमचं गाव चालत नाही

आमच्या गावात पाणी येत नाही. सुटतं. सहा दिवसांनी, कधी आठ. गावाचे पाच विभाग आणि प्रत्येकाचा दिवस वेगळा. दिवस साधारण माहीत असतो, वेळ माहीत नसते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात यात कधीही. सुटलं की पाऊण तास.

त्यामुळे दिवसभर एक माणूस घरी लागतो. आमच्याकडे तो माणूस आई होती. शेजारी शिरसाटांची सून होती, पलीकडे पेन्शनर बोडखे गुरुजी होते. गुरुजींनी नळाला एक रिकामा डबा बांधून ठेवला होता, म्हणजे थेंब पडला की वाजेल. आधी हवा येते, फुसफुस करत, कुणीतरी दूरवर सुस्कारा टाकल्यासारखी. मग तांबूस पाणी, मग पांढरं. लहान मुलांनाही हवा आली की कळायचं.

गावाचं नाव सांगत नाही. ज्याला ही हवा ओळखू येते त्याने आपलंच समजावं.


कल्पना ७ : वॉलमनला भेटा

पाणी सोडणाऱ्या माणसाला गावात वॉलमन म्हणतात. दोन होते. पेठ, स्टेशन आणि नवी वसाहत या विभागांचे भानुदास ढगे. आडनाव ढगे आणि काम पाणी सोडण्याचं, यावरचे सगळे विनोद ते ऐकून चुकले होते. कुणी नवा करायला गेला तर शेवट तेच सांगून टाकायचे.

मी त्यांना मारुतीच्या पारामागच्या चेंबरपाशी गाठलं. ते छातीएवढी लोखंडी चावी खड्ड्यात घालून फिरवत होते. ओठ हलत होते.

"ढगेमामा, एक विचारायचं होतं."

त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली. "एकवीस. बावीस." मग चावी बाहेर काढून पाठ सरळ केली. "आटे मोजताना बोलायचं नाही, ताई. एक कमी पडला की वरच्या आळीला धार लागत नाही. मग त्या बाया माझं तेरावं घालतात. बोला."

मी सांगितलं. वेळ आधी कळवा, मी पेजवर टाकते.

"म्हणजे लोक मला फोन करणार नाहीत?"

"कशाला करतील?"

ते खड्ड्याच्या काठावर बसले. "दिवसाला साठ-सत्तर फोन येतात. मामा कधी, मामा सुटलं का, मामा विसरलात का. बायको फोन उचलते तर तिची भाजी करपते. परवा तर एकाने सासऱ्याच्या दहाव्याची वेळ सांगून ठेवली. म्हणजे त्या वेळेला सोडू नका म्हणून." त्यांनी चावीवरची माती झटकली. "पण भाऊसाहेबांना चालेल का?"

भाऊसाहेब म्हणजे आमचे नगरसेवक. पाण्याची वेळ आधी त्यांना कळायची आणि त्यांच्याकडून त्यांच्या माणसांना. गावात कुणाचं घर भाऊसाहेबांचं आणि कुणाचं विरोधातलं, हे पाणी सुटायच्या आधी कुणाच्या दारात बादल्या दिसतात त्यावरून कळायचं.

"तुमचं नाव कुठे येणारच नाही," मी म्हणाले.

"नाव नको, ताई. अठरा वर्षं नगरपालिकेत रोजंदारीवर आहे. यंदा यादीत आहे नाव, कायम करायच्या. दिवाळीआधीच्या सभेत विषय निघणार म्हणतात. तोपर्यंत माझं नाव त्या यादीतच बरं. दुसरीकडे कुठे दिसायला नको."

"नाही दिसणार."

"मग हरकत नाही," ते म्हणाले, आणि चावी खांद्यावर टाकून पुढच्या खड्ड्याकडे गेले.


कल्पना ८ : शुद्धलेखन

त्यांचे निरोप असे यायचे.

पेट सूटल

स्टेसन ४ वाजता सुट्ल

नवि वसात ऊद्या सूटनार नाय पाईप फूटली

मी ते दुरुस्त करायचे. 'पेठ विभाग. सुटलं.' खाली दुकानाचं नाव. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, पूर्णविराम. कितीही घाई असली तरी चूक तशीच पुढे ढकलायची नाही, एवढा एम.ए.चा मान मी राखून होते. पुढे पुढे निरोप नीट वाचावाही लागेना. फोन वाजला की अंगठा आपोआप चालायचा.

एकदा मी उत्साहाने मथळा दिला, 'आज कोणाची पाळी?' शेठनी धावत येऊन तो काढायला लावला. "दुकानात बायका येतात, मॅडम."

"पाण्याची पाळी, शेठ."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. मेव्हण्याने काय विचारलं ते तुम्हाला नाही माहीत."

तीनशे बाराचे दोन हजार झाले. मग सहा. मग गावाची लोकसंख्या जेवढी त्याच्या जवळपास, तेवीस हजार. दुसऱ्या वॉलमनच्या भागातल्या लोकांनी चिडून त्यालाही आमच्याकडे निरोप पाठवायला लावलं. बोडखे गुरुजींनी नळाचा डबा सोडला आणि नातवाला त्याचा गल्ला करून दिला. आई तीन वर्षांनी दुपारची मावशीकडे गेली आणि जेवून, झोप काढून आली. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका लग्नाला गेल्या तर अक्षता टाकून पळाल्या नाहीत. पंगतीला बसल्या. शिरसाटांची सून म्हणाली, "मठ्ठा कसा असतो तेच विसरले होते."

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. माझ्या एका ओळीवर गाव जेवायला बसत होतं.


कल्पना ९ : हवा झाली, पिंप हलेना

"मॅडम," शेठ एक दिवस म्हणाले, "इकडे या."

दुकानाच्या मागच्या बाजूला पिंपं एकावर एक रचलेली होती. निळी, काळी, छपरापर्यंत. शेठनी एकाला टिचकी मारली. पोकळ आवाज आला.

"दर उन्हाळ्यात मे महिन्यात दुसरी गाडी मागवावी लागते. यंदा पहिलीच पडून आहे. का?"

मला माहीत होतं.

"काल एक बाई आली. पिंप बघितलं, ठेवून दिलं. म्हणाली, वेळ कळते आता, एवढं कशाला साठवायचं? मी म्हटलं, वेळ कुठे कळते? तर म्हणाली, तुमच्याच पेजवर." शेठनी पिंपावरची धूळ बोटाने पुसली आणि ते बोट मला दाखवलं. "आपण आपल्याच पोटावर पाय दिलाय."

"बंद करायचं का?"

"बंद कसं करणार? तेवीस हजार लोक दगड मारतील. करा, पाण्याचं करा. पण त्याच्यावरून आपल्याकडे या. त्या शिबिरवाल्याने काय सांगितलं होतं? माणूस दाखवा. लोकांना माणूस लागतो. एकदा असं काहीतरी लिहा की गाव रडलं पाहिजे. मग मी खाली पिंप लावतो. आणि दिवाळी तीन आठवड्यांवर आली, ते माझ्या लक्षात आहे. तुमच्या आहे का?"

होतं.


कल्पना १० : हाताला कोण ओळखतं?

ढगेमामांनी चावी खाली ठेवली. "नाव नको म्हटलं होतं ना, ताई."

"नाव नाहीच. फक्त गावाला कळू दे की पाणी आपोआप सुटत नाही. कुणीतरी सोडतं. सभेच्या आधी कळलं तर बरंच ना तुमच्या कामाला?"

"कसं बरं?"

"लोक म्हणतील, याला कायम करा."

लोक काय म्हणतील याची त्यांना भीतीच वाटत आली होती. लोक आपल्या बाजूने काही म्हणू शकतात हे त्यांच्या मनात कधी आलंच नसावं.

"तोंड नको," ते शेवटी म्हणाले. "हाताचा काढा फोटो. हाताला कोण ओळखतंय?"

मी हाताचा काढला. चावीच्या आडव्या दांड्यावर घट्ट बसलेला उजवा हात, पाठीवर गंजाचे डाग, नखात माती. आणि लिहिलं:

'या हाताला नाव नाही. बावीस आटे सोडायला, बावीस आटे बांधायला. उन्हात, चिखलात, सणाच्या दिवशी. तुमच्या नळाला हवा येते तेव्हा हा हात कुठल्यातरी खड्ड्यात असतो. अठरा वर्षं तो रोज कामावर येतो आणि रोज संध्याकाळी त्याची नोकरी संपते.'

मी आजवर लिहिलेलं ते सगळ्यांत चांगलं होतं. आजही आहे.

पहिली प्रतिक्रिया चार मिनिटांनी आली.

ढगेमामा, अभिनंदन.

मी ती काढून टाकली. तोवर दुसरी आली. ढगेमामाच. दुसरे वॉलमन डावखुरे आहेत. तिसरी, मामांचा हात लाखात ओळखू. मग काढण्याचा वेग पुरेना. मामांना सलाम. मामा, कायम झाल्याशिवाय राहत नाही. ढगेमामांना कायम करा. कायम करा. कायम करा. हात जोडलेली चित्रं, झेंडे, गुलाब. आणि मध्येच शिरसाटांच्या सुनेने मनापासून लिहिलेलं एक वाक्य, ज्या एकट्याला आठशे अंगठे मिळाले:

पूर्वी भाऊसाहेबांच्या माणसांनाच वेळ कळायची, आता ढगेमामांमुळे आम्हा गरिबांनाही कळते.

मी ढगेमामांना फोन केला. त्यांनी उचलला नाही.

शेठनी मात्र उचलला. "मॅडम, मेव्हणा रडला," ते म्हणाले. "खाली पिंप लावू का?"


कल्पना ११

(खोडली.)


कल्पना १२ : तेवीस हजारापर्यंत

याला नऊ वर्षं झाली. आता मी पुण्याला असते आणि शिबिरात मीच बोलते. लोकांना महत्त्वाचं वाटेल असं काय लिहावं, यावर. मोजे घालते. ढगेमामांची गोष्ट मी दर शिबिरात सांगते, पण ती तेवीस हजारांवर थांबवते. मोरीतली आई, लग्नातला मठ्ठा, डबा सोडणारे गुरुजी, तेवीस हजार. तिथे टाळ्या पडतात.

पुढचं कुठे सांगितलेलं नाही.


कल्पना १३ : सुटलं

हाताची पोस्ट सोमवारची. मंगळवारी ढगेमामांचा निरोप आला नाही, दुसऱ्या वॉलमनचाही नाही. बुधवारीही नाही. गावात पाणी सुटत होतं, पण ते भाऊसाहेबांच्या माणसांना आधी कळून, जुन्या पद्धतीने. पेजवर लोक विचारत होते, सुटलं का, मामा कुठे, मॅडम झोपल्या का. शेठ दर दहा मिनिटांनी माझ्या स्टुलामागे येऊन उभे राहत. मी ढगेमामांना नऊ फोन केले. सत्तरांपैकी माझेही झाले असतील, असं वाटून दहावा केला नाही.

त्या आठवड्यात गुरुवार आमच्या पेठेचा. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. ढगेमामांचा निरोप होता. एकच शब्द.

मला एवढं हायसं वाटलं की माझा अंगठा माझ्या आधी चालला. मी दोन चुका दुरुस्त केल्या आणि टाकलं: 'पेठ विभाग. सुटलं.'

दोन दिवस तहानलेल्या पेजवर ते पडलं. मिनिटाला शंभर अंगठे. आलं रे आलं. मामा परत आले. शेठ मागून वाचत होते, त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. खुर्ची नव्हे, स्टूल. थाप माझ्या पाठीवरच बसली.

पाऊण तासाने आईचा फोन आला.

"अनू, तूच टाकलंस ना सुटलं म्हणून?"

"हो."

"सगळी गल्ली बादल्या लावून उभी आहे. शिरसाटांची सून दवाखान्यातली रांग सोडून आली. गुरुजींनी तर अंगाला साबण लावलाय."

"येईल. आधी हवा येते."

"तेच सांगतेय. हवापण नाही आली."

मी तिचा फोन धरून ठेवूनच निरोप उघडला. आणि पहिल्यांदा वाचला.

सूटलो

त्यांच्याकडून पेठेची वेळ आली की त्यात पेठेचं नाव असायचं. यात नव्हतं. ते मी घातलं होतं. दीर्घ सू मी ऱ्हस्व केला होता, तो बरोबरच होता. आणि शेवटच्या अक्षराचा काना-मात्रा काढून मी त्यावर अनुस्वार दिला होता.

मी पोस्ट काढली. तोवर तिला तीन हजार एकशे अंगठे झाले होते. हाताच्या पोस्टपेक्षा जास्त.

या वेळी त्यांनी फोन उचलला.

"मामा."

"हां, ताई."

"मी चुकून ते पेजवर..."

"कळलं. बायकोनेपण बादली लावली." मागे कुठेतरी भाजी फोडणीला टाकल्याचा आवाज आला. "तुम्हाला म्हणून कळवलं होतं. निरोपाची वाट बघू नका, एवढंच."

"यादीतलं नाव?"

"यादीत नाव असायला कामावर असावं लागतं. कार्यालयातली माहिती बाहेर दिली, असं लिहिलंय कागदावर. सोबत प्रतिक्रियांचे कागद जोडलेत. कायम करा, कायम करा, शंभर पानं. भाऊसाहेबांनी स्वतः मोजली. चावी जमा केली सकाळी. हात हलका झालाय. तेवढं बरं."


कल्पना १४ : मी कशी कायम झाले

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शेठनी पेढ्यांचा बॉक्स माझ्या स्टुलावर ठेवला. मग स्टूल नेलं आणि खुर्ची आणून ठेवली. पाठ असलेली.

"तीन हजार एकशे," ते म्हणाले. "एका शब्दाला. गावात असं कुणाला जमलं नाही."

"शेठ, ती चूक होती."

"असेल. पण हवा झाली." त्यांनी मागे बोट दाखवलं. पिंपांची रास कमरेएवढी उरली होती. पाणी कधी सुटणार हे आता पुन्हा कुणालाच माहीत नव्हतं, भाऊसाहेबांची माणसं सोडून, आणि पिंपं गाडीतून उतरायच्या आधी बुक होत होती. "दुसरी गाडी सोमवारी येतेय. आणि एक आनंदाची बातमी. मी त्यांना ठेवून घेतलं."

"कुणाला?"

"ढगेंना. पिंपांपाशी उभं राहायला. गाव ओळखतं त्यांना. आता नीट फोटो घ्या, तोंडासकट. लोकांना माणूस लागतो."

ते मागेच होते. दुकानाचा पिवळा टी-शर्ट त्यांच्या अंगात नवा कोरा, घड्यांसकट. एका बाईला पिंपाचं झाकण घट्ट कसं बसवायचं ते दाखवत होते. झाकण फिरवताना त्यांचे ओठ हलत होते. बाई काहीतरी विचारायला गेली, त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली, झाकण पुरतं बसवलं, मग म्हणाले, "आता बोला."

"मामा, आज सुटणार का?"

"ते आता मला कसं कळणार, बाई?" ते म्हणाले. "मोठंच घ्या."

बाई मोठं घेऊन गेली.

मी फोन घेऊन पुढे झाले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. ते मी विसरले. मामा मात्र पिंपाशेजारी सरळ उभे राहिले, उजवा हात पिंपावर, चावीवर ठेवायचे तसा.

"इथे ठीक आहे का, ताई?"

"ठीक आहे." मी फोटो काढला. "मामा, खाली काय लिहू?"

"काय लिहायचं ते तुम्हाला कळतं." त्यांनी टी-शर्टची घडी हाताने मोडून बघितली. ती मोडली नाही. "नाव टाका आता. आता काही हरकत नाही."

मी टाकलं. भानुदास ढगे. आटे मोजावेत तसं एकेक अक्षर मोजून लिहिलं, एकही चूक केली नाही, दोनदा वाचलं आणि मगच पुढे पाठवलं.

त्या पोस्टला एकोणीस अंगठे आले. प्रतिक्रिया दोन. पहिली मेव्हण्याची, पिंप छान आहे.

दुसरी कुणा अनोळखी माणसाची होती.

सुटलं का?